हृदयाचा ठेका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल दिवशी मी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी वक्ती नाही आणि डॉक्टरही नाही. माझे आयुष्य रुग्णालयात परिचारिकेचे काम करण्यात गेले आणि तेथे बोलण्यापेक्षा ऐकण्याचाच प्रसंग अधिक. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "रोग्याच्या उशाशी जे पाहिलेत तेच सांगा." तेव्हा विषय मी मुद्दामच निवडला आहे. आपण बायका एकमेकींना सहज सांगतो, "काल फार धडधडत होते गं," आणि ऐकणारीही तितक्याच सहज म्हणते, "उष्णता झाली असेल, सब्जाचे पाणी घे." या धडधडीविषयी मला आज बोलायचे आहे.

प्रथम घरचीच हकीकत सांगते. माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणत असू. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. आज गुडघा सुजावा, चार दिवसांनी तो उतरून मनगट सुजावे, असे दीड-दोन महिने चालले. मग ती बरी झाली, शाळेत गेली, लग्न झाले, तीन मुले झाली. चाळिशी उलटल्यावर जिना चढताना तिला दम लागू लागला आणि मधूनच छातीत धडधड होऊ लागली. सासरी म्हणाले, वयोमानाने होते. शेजारणी म्हणाल्या, पित्त आहे. एका डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो त्या वेळी नीट आला. "मनाला लावून घेऊ नका," असे सांगून त्यांनी तिला घरी पाठवले. आणि मी? रोज पन्नास रोग्यांच्या नाड्या मोजणारी मी तिची सख्खी बहीण! मी तिला म्हणाले, "अक्का, तू विश्रांती म्हणून घेत नाहीस, त्याचे हे फळ." तिच्या मनगटावर बोट ठेवावे हे मला एकदाही सुचले नाही.

पुढे एका वर्षी भोगीचा दिवस. सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्यासाठी घरात पाहुणे आलेले. बाजरीची भाकरी थापता थापता अक्काचा उजवा हात परातीतच लुळा पडला. काय झाले म्हणून विचारावे तर तोंडातून शब्द फुटेना. चक्कर आली असे समजून घरच्यांनी तिला निजवले, पाणी पाजले, तळपायाला तेल चोळले. निरोप मिळून मी पोहोचले तेव्हा दुपार टळली होती. मी नाडी धरली. एक ठोका घाईने येई, दुसरा रेंगाळे, एक जोरकस तर पुढचा लागतच नसे. कशाचा कशाला मेळ नव्हता. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली होती. अक्का त्यानंतर अकरा वर्षे जगली. पण तो हात आणि तिची वाचा काही परत आली नाही. मला हाक मारायची झाली तर ती डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करी.

ही हकीकत रडण्यासाठी सांगितली नाही. यातील कोणती गोष्ट वेळीच ओळखता आली असती आणि आज तिच्यावर काय उपाय आहेत, ते आता क्रमाने सांगते.

हृदय चालते कसे ते आधी पाहू. आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना गिरणीचा भोंगा आठवत असेल. जुनी गिरणी आपल्या सोलापुरात १८७७ साली निघाली आणि पुढे कित्येक वर्षे या गावाचा दिवस भोंग्यावर चाले. भोंगा झाला की हजारो माणसे एकाच वेळी कामाला लागत. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात असाच एक भोंगा आहे. तो पेशींचा लहानसा पुंजका आहे; डॉक्टर त्याला सायनस नोड म्हणतात. स्वस्थ बसलेल्या माणसात तो मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची सूक्ष्म लहर सोडतो. ती लहर प्रथम वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मधल्या नाक्यावर क्षणभर थांबते आणि मग खालच्या दोन कप्प्यांत उतरते. वरचे कप्पे आकसून रक्त खाली लोटतात, मग खालचे आकसून ते शरीरभर पाठवतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हे घडते आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

जाणीव झाली म्हणजे रोगच जडला, असे मात्र समजू नका. जिना चढताना, ताप असताना, भीती वाटली असता किंवा गर्भारपणी भोंगा जलद वाजणारच. आपल्यातील पुष्कळ बायकांच्या अंगात रक्त कमी असते. थोड्या रक्तात सर्व शरीराची गरज भागवायची तर हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी तेच होते. अशा वेळी उपाय हृदयावर नसून मूळ कारणावर करावयाचा असतो. कधी कधी "ठोका चुकला" असे वाटते. म्हणजे एक ठोका वेळेआधी पडतो आणि पुढचा किंचित उशिरा, पण जोराने येतो. हृदय एरवी निरोगी असेल तर बहुधा यात काळजीचे काही नसते. पण काळजीचे नाही हे तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवावे, शेजारणीने नव्हे.

आता ज्यांकडे दुर्लक्ष करू नये असे प्रकार सांगते.

पहिला प्रकार तरुण मुलींतही आढळतो. स्वस्थ बसलेली असताना दिव्याचे बटण दाबावे तशी धडधड एकदम सुरू होते, नाडी मिनिटाला दीडशे-दोनशेवर जाते आणि काही वेळाने तशीच एकदम थांबते. हृदयात विजेची एखादी जादा वाट असते आणि लहर तिच्यात गोल फिरत राहते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सारे शांत झालेले असते. मग मुलगी भित्री आहे, लग्नाचे मनावर घेतले आहे, असे बोलले जाते. हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले की, या रोगाला मनाचा घाबरेपणा समजण्याची चूक स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होत होती.

दुसरा प्रकार अक्काचा. यात वरच्या कप्प्यांत एक भोंगा न राहता जागोजाग शेकडो भोंगे वाजू लागतात. कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून राहते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायूचा झटका येतो. या विकारात झटक्याचा धोका सुमारे पाचपट होतो. त्यातून हृदयाची झडप अरुंद झालेली असेल तर त्याहूनही कितीतरी अधिक. म्हातारपण, रक्तदाब, मधुमेह ही याची कारणे आहेतच. पण आपल्या देशात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे लहानपणचा सांधेताप. मुलाचा घसा एका जातीच्या जंतूंनी दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ते बरेही होतात. पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. म्हणून आयांनो, मुलाचा घसा ताप येऊन दुखू लागला तर डॉक्टरांना दाखवा. सांधेताप होऊन गेला असेल तर पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे, न चुकता द्या. मूल हिंडते-फिरते आहे म्हणून ते बंद करू नका.

तिसरा प्रकार मंद ठोक्यांचा. मधल्या नाक्यावरची तार तुटली की भोंगा खाली ऐकूच जात नाही. नाडी मिनिटाला तीस-चाळीसवर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस उभ्या उभ्या कोसळतो आणि क्षणात उठूनही बसतो. सासूबाई न्हाणीघरात पडल्या तर आपण पाय घसरला म्हणतो. पाय घसरला की आधी शुद्ध गेली, हे त्यांना अवश्य विचारा.

चौथा प्रकार सर्वांत भयंकर. खालचे कप्पेच थरथरू लागतात, रक्ताचा पुरवठा थांबतो आणि माणूस बेशुद्ध होऊन नीट श्वासही घेत नाही. अशा वेळी १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. बांगड्यांचे हात हे करू शकत नाहीत असे मुळीच नाही. मी केलेले आहे.

आता परीक्षेविषयी. सर्वांत जुनी आणि फुकटची परीक्षा म्हणजे नाडी. तिच्यानंतर कार्डिओग्राम. हॉलंडमधील आइन्थोव्हेन नावाच्या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याचे यंत्र सिद्ध केले आणि त्याबद्दल १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते चालवण्यास पाच माणसे लागत आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आज तेच यंत्र एका हातात मावते. यात शरीरात वीज सोडत नाहीत. हृदयाचीच वीज कागदावर उतरवतात.

कार्डिओग्रामच्या खोलीत मी अनेक वर्षे बायकांचा संकोच पाहिला आहे. छातीवर बटणे लावायची असतात. आपण लाजेने पदर घट्ट धरतो, काढणाराही अवघडून बटणे भलत्याच जागी लावतो आणि आलेख चुकीचा येतो. पडदा ओढायला सांगा, परिचारिकेला बोलवा. तो तुमचा हक्क आहे. पण बटणे योग्य जागीच लावू द्या. हातातील हिरवा चुडा काढावा लागेल म्हणून घाबरू नका. चिमटा बांगड्यांच्या वर लावता येतो.

यातली मुख्य गोष्ट मला फार उशिरा नीट उमगली. नेहमीच्या कार्डिओग्राममध्ये जेमतेम दहा सेकंदांची हकीकत असते. दिवसाचे सेकंद ८६,४००. धडधड नसताना काढलेला आलेख नीट आला, तर त्या दहा सेकंदांत सारे ठीक होते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन कार्डिओग्राम काढून घ्यावा आणि तो कागद देव्हाऱ्यातल्या पोथीसारखा जपून ठेवावा. धडधड रोज किंवा एक-दोन दिवसांआड येत असेल तर होल्टर नावाचे लहान यंत्र २४ तास किंवा जास्त वेळ अंगावर बांधतात. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या नॉर्मन होल्टर यांचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोचे होते आणि पाठीवर वाहावे लागे. आता ते गळ्यात अडकवून घरची सर्व कामे करता येतात. बरोबर एक कागद देतात. त्यावर कधी काय वाटले ते वेळेसह लिहायचे असते. "काय लिहू बाई?" असे मला पुष्कळजणी विचारीत. मी सांगे, दहा वाजता भाकरी थापत होते, चार वाजता नळाला पाणी आले म्हणून धावले, असेच लिहा. डॉक्टरांना तेच हवे असते.

याखेरीज हृदयाची सोनोग्राफी करून झडपा पाहतात. रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि क्षार तपासतात. हल्ली रक्तदाबाची काही यंत्रे व मनगटी घड्याळेही ठोके अनियमित असल्याचे दाखवतात. तो इशारा समजून डॉक्टरांकडे जावे. निकाल समजू नये.

आता उपचार. एकाएकी सुरू होणाऱ्या धडधडीवर एक साधी युक्ती आहे. मात्र ती डॉक्टरांनी एकदा शिकवल्यावरच करावी. अर्धवट बसून इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोराने फुंकायचे आणि लगेच आडवे होऊन दुसऱ्या कोणाकडून पाय वर उचलून धरवायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडातील प्रयोगात शंभरांतील ४३ जणांची धडधड याने थांबली; नुसते फुंकून १७ जणांचीच थांबली होती. न थांबल्यास इंजेक्शन आहे. आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर जांघेतील शिरेतून बारीक तार हृदयात नेऊन ती जादा वाट जाळून टाकतात. बहुतेकजणी यातून कायमच्या बऱ्या होतात. मुलीच्या लग्नात विघ्न येईल म्हणून हा आजार लपवू नका; हा बरा होणारा आहे.

अक्कासारख्या विकारात ठोके आवरणारी औषधे देतात, कोणाला भूल देऊन विजेचा हलका धक्का देतात, अरुंद झडप फुग्याने रुंद करतात. पण सर्वांत महत्त्वाचे औषध रक्त पातळ ठेवण्याचे. झडप अरुंद असेल तर त्यासाठी जुनी वॉरफरिनच्या जातीची गोळीच अधिक चांगली, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि भारतातील रोगीही ज्यात होते अशा एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. ही गोळी घेणारीने आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. मेथी-पालक सोडण्याचे कारण नाही. मात्र आठवडाभर काही नाही आणि एक दिवस पातेलेभर, असे नको. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण वॉरफरिन गर्भाला अपायकारक ठरू शकते. आणि उपवासाच्या दिवशी गोळी चुकवू नका. एकादशी केली, गोळी राहिली आणि द्वादशीला झटका आला, असे रोगी मी पाहिले आहेत. कोणताही देव यावर रागवायचा नाही.

ठोके आवरणाऱ्या औषधांपैकी एकाची जन्मकथा तुम्हांस आवडेल. इंग्लंडात विल्यम विदरिंग नावाचे डॉक्टर होते. अंगावरची सूज उतरवणारा एक काढा श्रॉपशायर परगण्यातील एका म्हाताऱ्या बाईने गुप्त ठेवला होता, असे १७७५ साली त्यांच्या कानी आले. त्यांनी त्यातील गुणकारी वनस्पती ओळखली, दहा वर्षे तिचा अभ्यास केला आणि १७८५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आजची डिगॉक्सिनची गोळी त्याच कुळातली. पण त्यांचा खरा मोठेपणा मात्रा ठरवण्यात होता, कारण तेच औषध जास्त झाले तर हृदय बंद पाडते. आपल्या अंगणातील पिवळ्या कण्हेरीच्या बीत, म्हणजे मुले खेळतात त्या बिट्टीत, याच जातीचे विष आहे. म्हणून हृदयासाठी ऐकीव काढे घेऊ नका आणि बिट्टी मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

मंद ठोक्यांवर पेसमेकर हा उपाय. त्वचेखाली बसवलेला हा नवा भोंगाच म्हणा. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना दिवसात वीस-तीस वेळा शुद्ध हरपण्याचे झटके येत. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी शल्यवैद्य सेनिंग आणि यंत्रज्ञ एल्मक्विस्ट यांच्याकडे खेटे घातले. असे यंत्र माणसासाठी अजून तयार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते तयार करायलाच लावले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते बसवले. पहिले काही तासांतच बंद पडले, मग दुसरे बसवले. पुढे लार्सन वीसहून अधिक यंत्रे बदलीत २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. एका बाईने नाही हे उत्तर ऐकून घेतले नाही, म्हणून हे घडले.

आज पेसमेकर बसवणे नित्याचे झाले आहे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. ही योजना राजीव गांधींच्या नावाने २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणता उपचार बसतो ते त्यांना विचारावे. पेसमेकर असलेल्या बाईला मिक्सर, शिवणयंत्र, सारे चालते. मोबाईल छातीच्या त्या बाजूला ठेवू नये आणि विजेच्या इंडक्शन शेगडीपासून दोन हात दूर राहावे, इतकेच.

एक गोष्ट अक्कासाठी सांगते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, यांतील एकही दिसले तर पाणी पाजू नका, तेल चोळीत बसू नका. पाणी श्वासनळीत जाऊ शकते. घड्याळ पाहून वेळ ध्यानात ठेवा आणि मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके बरे.

आता शेवटचे. प्रत्येकीने शेजारणीचा हात हातात घ्या. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूस, आपली मधली तीन बोटे हलकेच ठेवा. अंगठा लावू नका, त्यात आपलीच नाडी लागते. मी घड्याळ पाहते. पूर्ण एक मिनिट मोजा, आणि नुसते किती ते पाहू नका, ठेका सारखा आहे की नाही तेही पाहा.

झाले? साठांपेक्षा कमी किंवा शंभरापेक्षा जास्त ज्यांचे आले, किंवा ज्यांचा ठेका चुकताना लागला, त्यांनी घाबरू नये. समारंभानंतर मला भेटावे. मी पुन्हा मोजीन आणि गरज वाटल्यास उद्या तुमच्याबरोबर सिव्हिलमध्ये येईन. घरी गेल्यावर सासूबाईंची, आईची, थोरल्या जावेची नाडी अशीच धरा. साठीपासष्टी उलटलेल्यांची तर महिन्यातून एकदा नक्की धरा. मी जे एका मनगटाच्या बाबतीत केले नाही, ते तुम्ही शंभर मनगटांच्या बाबतीत कराल अशी आशा आहे.